कादंबरी कशी वाटली?

शिंदखेड्यातल्या आमच्या वाचनालयाचा कारकून परत आलेलं पुस्तक फडक्याने पुसायचा आणि विचारायचा, "कसं वाटनं?" लोकांना चांगुलपणा वाटत फिरणाऱ्या माणसावरच्या एका कादंबरीबद्दल मास्तर म्हणाले, "रडलो हो." मी म्हणालो, "सगळ्या थापा. एवढं कोण कुणाचं करतं?" दोघांनाही त्याने मान हलवून सारखाच होकार दिला, "खरं शे."

मग पंधरा दिवस वाचनालयाला कुलूप होतं. उघडलं तेव्हा तो मुंडण केलेल्या डोक्याने टेबलाशी बसला होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नवी कादंबरी मागितली. मी पेपर मागितला. घरातलं कोण गेलं, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

हल्ली तो पुस्तक पुसतो, कपाटात ठेवतो. कसं वाटलं, ते विचारत नाही.