आमच्या घरचा प्लुटो

मित्रांनो, आज दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही. उद्या पहाटे वडिलांना, म्हणजे आप्पांना, हृदयाच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला न्यायचंय.

आठवीतल्या माझ्या मुलीला शाळेच्या ग्रहांच्या नाटुकल्यात प्लुटोची भूमिका मिळाली आहे. ती पडवीत मोठ्याने पाठ करत होती, "मी प्लुटो. रोमन लोकांच्या मृत्युदेवाचं नाव मला दिलंय. माझ्याकडे आलेला परत जात नाही."

आत खाटेवर आप्पा पडलेले. बॅग भरता भरता बायको थांबली. "म्हणजे यमच ना तो?"

मी मुलीवर ओरडलो, "आजच्या दिवशी हे नको."

"बाबा, नाव मी ठेवलं का?"

तेवढ्यात आप्पांनी हाक मारली. "इकडे ये गो बाय. यम तूच ना? मग आजोबाचा नंबर जरा मागे ढकल. यंदाचे आंबे खाऊन मग येतो."

सगळे हसलो. पण आप्पांनी तिचा धरलेला हात बराच वेळ सोडला नाही. तेव्हा कळलं, तेही घाबरलेत.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. मग अंगणात आणखी एक लावला, यमासाठी, वात दक्षिणेकडे करून. असा दिवा आपण फक्त धनत्रयोदशीला लावतो. अवेळी लावून मी त्याला घरचा रस्ता तर दाखवला नाही ना, या विचाराने आता बसवत नाही. विझवायलाही हात धजत नाही.

जाणत्यांनी सांगा, राहू दे का तसाच?