रुमालाखालची तीन बोटं

दुष्काळाच्या साली मुरुडच्या बाजारात मी माझा बैल एका मुसलमान गाडीवानाला विकला. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून सांगतात. एक बोट म्हणजे शंभर. मी त्याचा अख्खा पंजा आवळला, म्हणजे पाचशे. तो म्हणाला, "कबूल." रुमाल काढला आणि त्यानं तीनशे पुढं केले. त्याच्या हाताला तीनच बोटं होती. माझ्या घाईत ते मला कळलं नव्हतं.

"अप्पा, तुम्ही तीनच धरली," तो म्हणाला. सौदा जुळवणाऱ्या दलालानंही मान डोलावली.

मी भडकलो. "थोट्या, बाकीची दोन कुठं गहाण टाकलीस?"

"सोडवाय गेलो, तर सावकारच मेलेला!"

बाजार हसला, तोही हसला. ते हसणं मला डाचत राहिलं. स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस मी, मला कुणी फसवलेलं खपत नाही. पुढं दहा वर्षं, भेटेल त्याला मी ही गोष्ट ऐकवली.

लातूर जिल्हा झाला. नव्या कचेरीत काम होतं म्हणून गेलो, तर समोर त्या गाडीवानाचं चहाचं हॉटेल. त्यानंच मला ओळखलं. "या अप्पा! तुमचा बैल हाय अजून. म्हातारा झालाय. बसून खातोय नवाबावानी."

"फसवून नेलेला बैल," मी चारचौघांत म्हणालो.

त्याच्या बायकोनं चहाचा कप माझ्यापुढं आदळला. "फसवून? पोलीस ॲक्शनच्या साली, निजाम पडल्यावर आमच्या लोकांवर जमाव आला, तवा ह्यांनी आतून दार धरून ठेवलं होतं, भाऊ. बाहेरून कुऱ्हाड पडली, दोन बोटं तिथंच गेली. आई, पहिली बायको, दोन लेकरं, सगळी गेली. माझ्या घरचं बी कुणी राहिलं न्हाई. उरलेल्या दोघांनी संसार मांडला."

"गप गं," तो म्हणाला. "अप्पा चहा पितायत."

तिनं गाव सांगितलं. आमच्या शिवेला लागूनच होतं. त्या गावावर जमाव गेला त्या सकाळी आमचंही दार कुणीतरी बडवलं होतं, आसरा मागणारा बाईमाणसाचा आवाज होता. मी वीस वर्षांचा होतो. कडी माझ्याच हातात होती. मी ती काढली नाही.

तोंडातून एवढंच निघालं, "चाचा, बैल परत देता का? म्हणाल तो भाव."

तो खदखदून हसला. "न्हाई अप्पा. त्याच्यापाशी बसल्याबिगर माझा दिवस सरत न्हाई."

कडीचं मी त्याला सांगितलं नाही. फसवलेल्या बैलाची गोष्ट मात्र पुन्हा कुणाला सांगितली नाही.