वाळवंटी उंदराला पोटभर पाणी

प्रयोगशाळेत आम्ही वाळवंटी उंदराला नळीने पोटभर पाणी पाजलं आणि पिंजऱ्याखालच्या कोरड्या कागदाकडे श्वास रोखून बघत बसलो. थेंब न् थेंब राखणारी त्याची मूत्रपिंडं एवढं पाणी सोडतील का? नाही सोडलं, तर पाण्यानेच जीव जाईल त्याचा. पिंजरे सांभाळणारे मामा पुटपुटले, "सोड रे बाबा, इथं दुष्काळ नाही."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग कागद ओला झाला, आणि होतच राहिला. पिढ्यान्‌पिढ्या तहानेत घडलेला जीव, पण वेळ आली तेव्हा त्याला सोडता आलं.

मी टँकरच्या गावातली. सुटकेचा श्वास टाकून हात धुवायला गेले. नळाला धो धो पाणी होतं. तो घाईघाईने बंद केला, तेव्हा बोटांवर साबण तसाच होता.