गाडी चढण्याचा कौल

आमच्या घराण्यात देवाचा कौल न घेता एकच गोष्ट झाली, ती म्हणजे मी. बाकी होडी पाण्यात लोटणं, विहीर खणणं, आत्याचं लग्न ठरवणं (आणि मोडणं!) सगळं ग्रामदेवाला विचारून. तेव्हा मोटारीच्या इंजिनात काय बसवायचं, हेही देवालाच विचारलं गेलं, यात आमच्या मालवणात कुणाला नवल वाटलं नाही.

मोटार बाबांनी होडीतला आपला अर्धा हिस्सा विकून घेतली होती. कारण? "मोटार बुडणा नाय!" दरवाजे चार, पैकी तीन सुंभाने बांधलेले. इंजिन चालू केलं की आमच्या माडावरचे कावळे उठत ते थेट देवबागेत जाऊन बसत. या मोटारीतून माझी आये आणि आमच्या वाडीतल्या पाच बायका ताज्या बांगड्यांच्या, म्हणजे मासळीच्या, टोपल्या घेऊन कुडाळच्या बाजाराला जायच्या. म्हणजे घाटीच्या चढापर्यंत जायच्या. घाटी आली की सहाही जणी उतरत, टोपल्या डोक्यावर घेत आणि गाडी ढकलत. तेवढ्यात एस्टी बाजूने जाई आणि कंडक्टर उगाच घंटी वाजवी.

एक दिवस पारूकाकीने अंगणात येऊन मला निकाल दिला. पारूकाकी म्हणजे त्या पाचजणींची पुढारीण. ती शिंकली की बाकीच्या चौघी नाक पुसत.

"रे सदू, पुढल्या बाजाराक एस्टीच्या आधी पोचवतंस तर पोचय. नायतर आमी एस्टीन जातलों. ढकलूक आमका घराक आमचे घोव आसत!"

बाबांचा चेहरा वाळत घातलेल्या बोंबलासारखा झाला. बायका गेल्या की मोटार भंगारात जाणार, होडी तर आधीच गेलेली. म्हणजे आमचं खानदान ना पाण्यात, ना रस्त्यावर!

आयेने कनवटीची पुंजी सोडली. त्यात इंजिनाची एकच सुधारणा बसत होती, आणि घरात मतं तीन. बाबा म्हणाले, "पिस्टनच्यो रिंगा बदल. माझ्यापेक्षा जास्त ती पिता!" (ते तेलाबद्दल बोलत होते. गाडीच्या.) आये म्हणाली, "माका इंजिनातला काय कळणा नाय, पण आधी ब्रेक घाला." आम्ही दोघेही हसलो. जी गाडी चालतच नाही, तिला थांबवायची कसली घाई!

माझं मत मात्र तज्ज्ञाचं होतं. मी मुंबईच्या गॅरेजात सहा महिने काढले होते. (त्यातले पाच चहा आणण्यात.) सावंतवाडीला पेद्रू मेस्त नावाचा मेकॅनिक होता. गोवा नुकताच मोकळा झालेला, आणि तिकडल्या कुणा साहेबाच्या शर्यतीच्या गाडीतून काढलेला ब्लोअर पेद्रूने मला दाखवला होता. ब्लोअर म्हणजे इंजिनाच्या तोंडात हवा कोंबणारा लोखंडी पंखा. जास्त हवा, जास्त जोर!

"हो बसयलो काय गाडी उडतली," पेद्रू म्हणाला.

"आणि जुन्या इंजिनाक सोसात?"

"ता मात्र देवाक विचार," असं म्हणून पेद्रूने छातीवर क्रूस काढला. मी त्याचा सल्ला शब्दशः घेतला.

देवळात गुरवाने पाषाणावर पाण्याने दोन कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न कसा घालायचा हे तज्ज्ञ म्हणून मीच गुरवाच्या कानात सांगितलं. त्याने हात जोडून देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान गाडयेक ब्लोअर बसवलो, तर भरलेली गाडी घाटी चडतली काय? चडतली तर उजवो कौल दी!"

"होय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

ओरडणं संपायच्या आत उजवी कळी टपकली. देवालाही वेगाची आवड असावी!

"आता ब्रेकाचा पण विचारा," आये म्हणाली.

गुरव पाट उचलत म्हणाला, "एका दिसाक एका गाडयेचो एकच कौल."

पेद्रूने ब्लोअर बसवून दिला आणि बाजाराचा दिवस उजाडला. सहा बायका, सहा टोपल्या, मी चालवायला, आणि बाबा घरी नारळ घेऊन बसलेले. घाटी आली. मी पाय दाबला आणि ब्लोअरने असा सूर लावला की विजयदुर्गाच्या तटावरचे लोक गलबत आलं म्हणून समुद्राकडे बघू लागले असतील! गाडी उधळली. पुढे एस्टी कण्हत चढत होती. आम्ही तिच्या बाजूने असे गेलो की कंडक्टरचा घंटीचा हात दोरीवरच राहिला.

"सदू, इंजिनेर रे माझो तो!" पारूकाकी किंचाळली.

मी अभिमानाने मान मागे वळवली. मान पुन्हा पुढे आली तेव्हा घाटीचा माथा मागे गेला होता आणि समोर उतार होता. मी ब्रेकवर पाय ठेवला. पायाला फार बरं वाटलं. गाडीला काहीच वाटलं नाही.

"रे झिला, थांबय!"

"आये, थांबणा नाय!"

"मगे देवान काय सांगल्यान?"

"देवान चडतली म्हणान सांगल्यान गो! उतरताना काय ता आमी विचारूकच नाय!"

"मेल्या," मागून पारूकाकी, "गाऱ्हाणा अर्धाच घातलंस!"

वळणावर रस्ता उजवीकडे गेला. आम्ही सरळ गेलो. पुढे लावणीसाठी चिखल केलेलं वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताचं, शेत होतं. त्यात गाडी या बांधापासून त्या बांधापर्यंत नांगरत गेली आणि भस्सकन कुल्यापर्यंत बसली. शेतकरी बैल धरून उभा होता. त्याने आम्ही केलेल्या कामाकडे नीट पाहिलं.

"बरा केलास. तो कोपरो रवलो हा, तेवढो करून जा."

माझ्या डोळ्यांपुढे भंगारवाला उभा राहिला. पण आये! चिखलात गुडघाभर रुतलेली, टोपलीतला एक बांगडा न सांडलेली माझी आये, तिथूनच ओरडली, "बांगडे घेया गो, ताजे बांगडे!"

आजूबाजूच्या शेतांतल्या लावणीच्या बायका कमरा सरळ करून धावत आल्या. लावणी टाकून बाजाराला जायला त्यांना सवड कुठली! आठ-पंधरा दिवसांत मासळीचा वास नव्हता. मापं, भाव, भांडण, सगळं चिखलातच. एस्टी वळणावर आली तेव्हा पारूकाकी रिकामी टोपली झटकत होती.

कंडक्टरने खिडकीतून विचारलं, "काकी, येतंस काय?"

"तुझी एस्टी शेतात थांबता?" पारूकाकीने विचारलं. एस्टी घंटी न वाजवताच निघून गेली.

"सदू," ती मला म्हणाली, "दर बाजाराक आमका हयच हाडून सोड. पण बांधाच्या अलीकडे!"

अशी मोटार वाचली. शेतकऱ्याच्या बैलांनी ती वर काढली, दुसऱ्याच दिवशी आयेने ब्रेक बसवून घेतले, आणि ड्रायव्हरही बदलला. गाडी बाबा चालवू लागले. मला नवी जागा मिळाली: घाटीत लाकडी ओंडका घेऊन गाडीमागे धावायचं, आणि ती घसरलीच तर चाकाखाली सारायचा. पण माझ्याच हुशारीने ती आता इतक्या जोरात चढते की ओंडका घेऊन मी माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडे खाली आयेचे बांगडे विकून झालेले असतात!