वीस पावलं आधी संपलेला पट्टा

रस्त्यांचे नकाशे काढणाऱ्या एका खासगी कचेरीत मी नोकरीला आहे. रत्नागिरीच्या बाजारातला रस्ता आणि त्याच्या टोकाचा चौक सायकलवाल्यांसाठी सुरक्षित करायचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा नकाशा माझ्या टेबलावर आला. आधी तीन दिवस मी चौकात नुसता उभा राहिलो. कोण कुठून येतं, कुठे वळतं, हे वहीत टिपत होतो.

डाव्या कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी मला हाक मारली. "साहेब, हे बघा जरा."

फुटपाथच्या कडेच्या दगडावर टायरचे काळे ओरखडे होते. काही जुने, काही त्याच सकाळचे.

"चिऱ्यांचे ट्रक वळतात ना, त्यांचं पुढचं चाक बरोबर जातं. मागचं येतं आत. ड्रायव्हरला या अंगाचं काय दिसत नाही." मिस्त्रींनी दगडावर हात ठेवला. "आज दगड आहे इथे."

मग मी मनापासून नकाशा काढला. रस्त्याच्या कडेने थेट चौकापर्यंत सायकलींसाठी वेगळा पट्टा आखला. तो कोपरा रस्त्यात थोडा पुढे घेतला, म्हणजे ट्रकला हळू, मोठं वळण घ्यावंच लागेल. सायकलींना सिग्नलला थांबायची जागा ट्रकच्या पुढे दिली, ड्रायव्हरच्या नजरेसमोर. पण त्यासाठी चार-पाच दुकानांसमोरचं पार्किंग जाणार होतं. नगरपालिकेच्या बैठकीत दुकानदार विरोधात उभेच राहिले. संध्याकाळी आमच्या कचेरीचे साहेब मला म्हणाले, "कोपरा सोड. पट्टा वीस पावलं अलीकडे संपव."

"पण साहेब, धोका तिथेच आहे."

"कळतं मला. पण काम अडून राहिलं तर पट्टापण होणार नाही."

मी कोपरा पुसला. मिनिटभराचं काम होतं.

पाऊस सरल्यावर रस्त्याच्या कडेने हिरवा पट्टा रंगवला गेला. माझी बायको एका दवाखान्यात नर्स आहे. इतकी वर्षं ती शेअर रिक्षाने जायची. पट्टा झाल्यावर तिने पडवीतली सायकल पुसायला काढली.

"अचानक सायकल?" मी विचारलं.

"आता भीती कसली? तुम्हीच आखलाय ना पट्टा!"

तिच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं की पुढचं माझ्या तोंडून निघेना. एवढंच म्हणालो, "चौकात जपून हो."

"का? चौकात काय आहे?"

"काही नाही. गर्दी असते."

त्यानंतर रोज सकाळी ती निघाली की मला कचेरीत काही सुचत नसे. पोचल्यावर ती 'पोचले' एवढा मेसेज करायची. तो येईपर्यंत मी एकच रेघ पुन्हा पुन्हा काढत बसायचो. उशीर झाला की फोन हातात घेऊन खिडकीशी जायचो. घरी गेल्यावर आज सांगायचंच असं ठरवायचो आणि जेवून झोपायचो. ती मात्र खुशीत होती. दवाखान्यातल्या आणखी दोघींनाही तिने सायकल घ्यायला लावली.

एका सोमवारी मेसेज आला नाही. फोन आला तो मिस्त्रींचा. सर्वेक्षणाच्या वेळी मी त्यांना नंबर दिला होता, आणि हवा भरायला थांबणाऱ्या माझ्या बायकोला ते ओळखत होते.

"साहेब, ताबडतोब या. बाई जिवंत आहेत."

तो रस्ता मी कसा धावलो, आठवत नाही. ती सरळ चालली होती. पट्टा संपल्यावर ट्रक आणि फुटपाथ यांच्या मधल्या बोळात सापडली आणि ट्रक डावीकडे वळला. मागचं चाक अंगावर येताना दिसलं तेव्हा तिने सायकल सोडून स्वतःला फुटपाथवर झोकून दिलं. सायकल चाकाखाली गेली. तिचा उजवा पाय सायकलीत अडकला होता. घोटा चेचला.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "पट्टा तिथे का संपतो हो?"

मी सगळं सांगितलं. ती छताकडे बघत ऐकत राहिली.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी त्या दोघींना पण सायकलवर बसवलं." एवढंच बोलून तिने मान भिंतीकडे वळवली. पुढे कितीतरी दिवस आमचं बोलणं गोळ्यांच्या वेळांपुरतंच होतं.

मी जुना नकाशा काढून, साहेबांना न विचारता, पुढच्या बैठकीत मांडला. कुबड्या घेऊन तीही आली. मी बोलावलं नव्हतं. ती कोणावर ओरडली नाही. चाक कसं आत येतं, ते तिने टेबलावरच्या पाण्याच्या दोन बाटल्या सरकवून दाखवलं. या वेळी दुकानदारांनी विरोध केला नाही. कोपरा मंजूर झाला, पण काम पुढच्या हंगामात.

"तोवर पट्ट्याचा रंग तरी काढूया," मी साहेबांना म्हणालो.

"रंग काढला तर लोक विचारतील, का काढला."

पट्टा तसाच आहे. कॉलेजच्या मुली, हॉटेलात कामाला जाणारे, सगळे त्यावरून निर्धास्त येतात. कचेरीत जाण्याआधी तासभर मी आता तिथे उभा राहतो आणि दिसेल त्याला उतरून चालत जायला सांगतो. काही ऐकतात. बायको दवाखान्यात पुन्हा रिक्षाने जाते. काल निघताना तिने विचारलं, "आणि संध्याकाळी कोण उभं राहतं तिथे?"