मिठागरापासून लांब

कळव्याच्या मिठागरावर गोदाचे दोन भाऊ ऐन पंचविशीत गेले. दोघांची एकच तऱ्हा. आधी कानांनी दगा दिला, मग लघवी तांबडी झाली, मग अंगावर सूज चढली. अख्खा गाव म्हणे, मीठ अंगात मुरलं. गोदाचा बाप काळुराम स्वतःला फार शहाणा समजे. त्याने लेकीला कल्याणकडच्या भातशेतीवाल्या घरात दिली. मिठाचा वारासुद्धा लागायला नको, म्हणाला.

गोदा तिथे ठणठणीत राहिली. भाऱ्यांमागून भारे वाहिले, दोन पोरं झाली, कधी डोकं दुखलं नाही. आणि तिचा थोरला विश्राम, मिसरूड फुटतंय तोच हाकेला ‘ओ’ देईनासा झाला. लघवीही तांबडी. ज्या पोराने मिठागर डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याच्या अंगात मीठ मुरलं कुठून? गोदाला काही उमजेना. धाकट्या मालनचं लग्न ठरलेलं. ते पार पडावं आणि पोरगा वाचावा, एवढंच मागणं घेऊन ती नवऱ्यासोबत बैलगाडीने ठाण्याच्या दवाखान्यात आली.

तिथले त्र्यंबक डॉक्टर भलते चौकस. नाडी कमी पाहत, गोतावळा जास्त विचारत. त्यांनी विश्रामची लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर तापवली, तर अंड्याच्या पांढऱ्यासारखी साकळली. नवऱ्याची तापवली, ती निव्वळ पाणी. तो सुटकेचा श्वास टाकून गाडी जुंपायला गेला. शेवटी त्यांनी गोदाचीच मागितली. ती लाजली, चिडली, पण दिली. तीही गढुळली.

“माजी? मी तं धडधाकट हाय!”

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “बाई, मूत्रपिंडात बारीक गाळण्या असतात. तुमच्या माहेरच्या रक्तातच त्या कच्च्या दिसतात. बाया तगतात, मुलगे जातात. असं का, ते मलाही कळत नाही. औषध नाही. मुलीचीही तपासू या, उद्या तिच्या मुलांना...”

“मंग मीठ?”

“मिठाचा काही संबंध नाही.”

गोदा पुरती गोंधळली. मिठागर सोडून सुटले, असं ती इतकी वर्षं समजत होती, आणि दुखणं तिच्याच अंगातून सासरी नांदायला आलेलं! आता रागवायचं तरी कोणावर? मेलेल्या बापावर, की आपल्याच कुशीवर?

ती पडवीत आली. विश्रामशेजारी मालन होती, आणि मालनची होणारी सासू सखुबाई. ती काळजीपोटी म्हणून सोबत आलेली, पण डोळे सगळीकडे.

“गो आये, काय बोलला डागतर?” विश्रामने विचारलं.

बहिऱ्याला सांगायचं म्हणजे ओरडूनच. सखुबाईने कान टवकारले. गोदाने पोराच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळी पडवी ऐकेल अशी ओरडली, “मीठ खाव नको बोलला!”

“मी तं आदीच सांगितलंता,” सखुबाई म्हणाली.

“एवडंच?” विश्राम हसत उठला. मालनही हसली. गोदाला मात्र रडू फुटलं, तशी सखुबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, बिचारी आनंदाने रडतेय.