अळी काही हरेना

"वंदनाताई, शेवटी अळी हरली असं दाखवा ना," पुण्याहून संपादकबाई फोनवर पुन्हा तेच म्हणाल्या. "लहान मुलांचं पुस्तक आहे. मुलं खट्टू होतील."

"अळी हरली नाही हो मॅडम, त्याला मी काय करू? देऊळघाटला या, बोंडं फोडून दाखवते."

फोन ठेवून वंदनानं कपाळाला हात लावला. ती मुलांसाठी माहितीची पुस्तकं लिहायची. मधमाशी झाली, विहीर झाली, आता कापूस. आणि नेमकी यंदाच गुलाबी बोंडअळीनं गावातली सगळी कपाशी पोखरली होती. बीटीचं बियाणं म्हणजे अळीची काळजी नाही, अशा भरवशावर सगळे इतकी वर्षं पेरत आले होते. ती अळी बीटी खाऊन मरत का नाही, हे दहा वर्षांच्या पोराला कळेल असं लिहायचं होतं. आठ दिवस ते एक पान तिच्याच्यानं होत नव्हतं.

त्यात घरचे. लिहायला बसली की सासूबाई, गोजरबाई, हाक मारायच्या, "रिकामीच बसली हायेस तं तूर निवडून घे." पाहुणा आला की चहा तिनंच करायचा. लिहिणं म्हणजे काम, हे घरात कोणाच्या गावीच नव्हतं.

अळीचा पतंग कसा निघतो ते डोळ्यांनी बघावं म्हणून तिनं किडकी बोंडं बरणीत घालून वर फडकं बांधलं होतं. ती बरणी सासऱ्यांच्या, भगवानरावांच्या, नजरेला पडली.

"हिनं माया वावराचं वाटोळं केलं, अन् तू तिले घरात पोसून राह्यली?"

त्यांनी बरणी उचलली आणि चुलीत उपडी केली. वंदनानं कागद गुंडाळून माळ्यावर टाकले आणि चार दिवस तिकडे पाहिलंही नाही. चीड सासऱ्यांची होती, संपादकबाईंची होती, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची.

पाचव्या दिवशी सगळे पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायला वावरात गेले. दुपारी बांधावर भाकर खाताना भगवानराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू तं पुस्तकं लिहितं. मंग सांग, बीटी असून हे मेली काऊन नाई? दुकानदाराले पुसलं, तो म्हणे अजून फवारा."

वंदना वैतागूनच बोलायला लागली. "मामाजी, बीटीच्या झाडातच अळीचं विष असते. हजार अळ्या ते खातात अन् मरतात. एखादीले ते पचते. तेवढीच जगते. मंग तिचीच पिल्लं, पिल्लायची पिल्लं. मरणाऱ्या मरून गेल्या, आता वावरात पचवणाऱ्याच उरल्या."

"अन् पाकिटासंगं ते बिनाबीटीचं साधं बियाणं देत होते, ते?"

"ते कडेनं लावाचं होतं. त्याच्यावर साध्या अळ्या जगल्या असत्या, अन् जोडे मिसळले असते, त्यायची पिल्लं बीटी खाऊन मेली असती. मंग विष पचवणाऱ्यायचं एवढं फावलं नसतं."

"ते तं आम्ही फेकून देल्लं." भगवानरावांनी हातातली भाकर खाली ठेवली. "आतालोक हे कोणी सांगतलंच नाई."

इतके दिवस अडलेलं पान वंदना आत्ता बोलून गेली होती. हात न धुताच तिनं फोनमध्ये ते जसंच्या तसं बोलून ठेवलं आणि एकटीच हसली. कितीतरी दिवसांनी तिला लिहावंसं वाटत होतं.

त्यानंतर तिनं घरात सांगून टाकलं: सकाळी जेवणापर्यंत हाक मारायची नाही, दुपारनंतर वावरात म्हणाल ते काम. गोजरबाईंनी तोंड वाकडं केलं. पण भगवानरावच म्हणाले, "लिहू दे तिले." हाका तरीही यायच्या, पण कमी. आणि दुपारी वावरात तिचं डोकं मोकळं व्हायचं.

पुस्तक निघालं. न हरलेली अळी संपादकबाईंनी कुरकुरत ठेवली, पण मुखपृष्ठावर तिला चष्मा लावून हसवलं. वंदनानं फोन करून तासभर भांडण केलं. दुसऱ्या आवृत्तीत बघू, असं उत्तर मिळालं.

ती धुसफुसत बाहेर आली, तर भगवानराव ओसरीवर पुस्तक उघडून बसले होते आणि बीटी पचवणाऱ्या अळीचं ते पान शेजारच्या माणिकरावांना मोठ्यानं वाचून दाखवत होते.